सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही

शनिवारची पहाट, साडेपाच वाजलेले. बॅगा डिकीत, पोरं मागच्या सीटवर अर्धवट झोपेत, आणि चावी फिरवली तर सेल्फ नुसता घर्र-घर्र करत राहिला. इंजिन काही सुरू होईना. तुमच्याही घरी असं कधीतरी झालं असेल. आमच्याकडे झालं ते इंदिरानगरमधल्या बिल्डिंगच्या तळघरात. जायचं होतं निपाणीला, म्हणजे पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास. सोमवारी अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

खरं सांगायचं तर गाडीने आधीच कळवलं होतं. दोन आठवडे सकाळी सुरू झाल्यावर ती थरथरायची, मिसिंग मारायची. हंड्रेड फीट रोडच्या सिग्नलला एकदा बंदही पडली होती. गुरुवारी एका गॅरेजला दाखवली. त्यांनी पाच मिनिटं आवाज ऐकला आणि सांगितलं, "चारही इंजेक्टर बदलावे लागतील." आकडा आमच्या महिन्याच्या घरभाड्याहून मोठा होता. निपाणीहून आल्यावर बघू, असं म्हणून मी विषय टाळला.

उशीर होईल हे सांगायला अप्पांना फोन केला. तंबाखूच्या शेतातल्या विहिरीवरचं डिझेल इंजिन त्यांनी आयुष्यभर स्वतःच दुरुस्त केलेलं. त्यांनी विचारलं, "रात्रभर उभी राहिल्यावरच असं करते की दुपारीही?" रात्रीनंतरच. "सेल्फ मारताना मागून धूर येतो का?" अजिबात नाही. "मग हवा धरली असणार, बाळ. नोझलला हात लावू देऊ नकोस आधी."

हवा धरते म्हणजे काय?

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा ठिणगी देणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा साधारण सोळा ते वीस पट दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून या इंजिनाला सुरू व्हायला तीनच गोष्टी लागतात: जोरात फिरणारा सेल्फ, पुरेशी गरम हवा आणि पुरेशा दाबाने आलेलं डिझेल.

आजच्या कॉमन रेल गाड्यांत सुरू होतानाच डिझेलचा दाब दोनशे ते तीनशे बारच्या घरात लागतो. आपल्या टायरमध्ये असतो जेमतेम सव्वादोन बार, यावरून अंदाज घ्या. पाइपला बारीक चीर असेल किंवा फिल्टरचं रबर नीट बसलं नसेल, तर गाडी उभी असताना डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि त्या जागी हवा शिरते. हवा दाबली की आकसते, त्यामुळे पंप फिरूनही दाब तयार होत नाही. दोष किरकोळ असतो तोवर गाडी थरथरत का होईना, चालते. तो वाढला की सुरूच होत नाही. दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी आजार बहुतेक वेळा एकच असतो.

घरी काय बघता येईल?

पहिलं, सेल्फचा आवाज. नुसती टकटक किंवा मरगळलेला फिरण्याचा आवाज आला तर संशय बॅटरीवर. उभ्या गाडीत भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी थकली आहे किंवा तिच्या टोकांवर गंज आहे. इंदिरानगरला 2011 च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रो आली, तेव्हापासून आमच्यासारख्या अनेकांच्या गाड्या आठवडाभर उभ्याच असतात. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, आणि तळघरातले उंदीर वायरीही कुरतडतात. बॉनेट उघडून एकदा नजर टाकाच.

दुसरं, डॅशबोर्ड. चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर चावी ओळखत नाही. दुसरी चावी लावून बघा. स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह हीटर प्लगचं. ते विझल्यावरच सेल्फ मारा.

तिसरा, धूर. सेल्फ फिरतोय आणि धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही: टाकी रिकामी, फिल्टर तुंबलेला, हवा शिरलेली किंवा दाब कमी. पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही: हीटर प्लग किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन. चालत्या गाडीतून काळा धूर आला तर हवा कमी पडते आहे, एअर फिल्टरपासून बघायला सुरुवात करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

चौथं, वेळ. फक्त थंड असताना त्रास असेल तर हीटर प्लग. तापल्यावर बंद केली आणि लगेच सुरू होत नसेल तर इंजेक्टर किंवा पंप. रात्रभर उभी राहिल्यावर धूर न येता नुसता सेल्फ फिरत असेल तर हवा. हा अंदाज आहे, निदान नव्हे. पण मेकॅनिकला एवढं नेमकं सांगितलंत तरी त्याचं अर्धं काम होतं.

पाचवं, फिल्टर. त्याच्या तळाशी पाणी साचतं. ते मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे काढावं लागतं. काही गाड्यांत फिल्टरजवळ हातपंप असतो, तो कडक होईपर्यंत दाबला की हवा निघते. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर सेल्फ न मारता चावी नुसती ऑन करून दहा सेकंद थांबायचं, असं तीन-चार वेळा करायचं.

हे मात्र करू नका

इंजिनाकडे जाणारे धातूचे बारीक पाइप स्वतः सोडू नका. तिथला दाब एवढा असतो की फवारा कातडी भेदून आत जातो, आणि तशी जखम वरून छोटी दिसली तरी गंभीर असते. हीटर प्लगच्या इंजिनात सुरू करायचा ज्वालाग्राही स्प्रे मारू नका, स्फोट होऊ शकतो. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नको, मध्ये मिनिटभर थांबा. चुकून पेट्रोल भरलं गेलं असेल तर चावीला हातच लावू नका, टाकी रिकामी करून घ्या. आणि डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर गेलं असेल, त्याला डिझेलचा वास येत असेल, तर गाडी चालवू नका.

गॅरेजमध्ये काय मागायचं?

इंजेक्टर बदलायला सांगितले तर आधी दोन तपासण्या मागा. एक, सेल्फ मारताना स्कॅनरवर दिसणारा रेलचा दाब. दोन, लीक-ऑफ टेस्ट: प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला छोटी बाटली लावतात, ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा खूप लवकर भरते, तो बिघडलेला. म्हणजे एकच बिघडला असेल तर चारांचे पैसे जात नाहीत. तपासणीचे पैसे वेगळे द्यावे लागले तरी द्या.

त्या सकाळी शेजाऱ्यांच्या ओळखीचा एक मेकॅनिक आठ वाजता आला. फिल्टरमधून येणाऱ्या डिझेलच्या पाइपला त्याने पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि सेल्फ मारायला सांगितलं. नळीत बुडबुडेच बुडबुडे. फिल्टरपाशी रबरी पाइपला चीर होती. पाइप आणि दोन क्लिप, साडेतीनशे रुपये. हवा काढली, दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली. साडेदहाला आम्ही तुमकूर रस्त्याला लागलो होतो.

इंजेक्टर कधीच खराब होत नाहीत, असं मी म्हणत नाही. पण खर्चाचा क्रम स्वस्तापासून महागाकडे असावा, आणि तो आपणच ठरवावा. गाडी थरथरू लागली की त्याच आठवड्यात बघा; ती बंद पडेल ती नेमकी प्रवासाच्या पहाटे.

अप्पांचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बॉनेट उघडायला लावलं आणि नवा पाइप बघून घेतला.