अकरा माणसं, एक बॅटरी

गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी पुतणी घरी आली. ‘‘काका, उद्या आम्ही कळसूबाईला चाललोय. तुमची जुनी सॅक देता का?’’ सॅक काढून दिली. ती भरू लागली आणि मी सहज शेजारी बसून पाहू लागलो. कॅमेरा आत गेला, तो धरायची दांडी गेली, गॉगल गेला, चिप्सची चार पाकिटे गेली, पाण्याची एक लहान बाटली गेली. न राहवून मी विचारले, ‘‘आणि बॅटरी?’’

‘‘घेतल्यात की दोन!’’ तिने दोन पॉवर बँका काढून दाखवल्या.

‘‘अगं, उजेडाची बॅटरी म्हणतोय मी.’’

‘‘ती मोबाईलमध्येच असते, काका. आणि रात्रीचा प्रश्नच कुठे येतो? संध्याकाळी सहाला आम्ही खाली.’’

संध्याकाळी सहाला खाली! हेच वाक्य १९९४ सालच्या श्रावणात आम्हीही घरून निघताना म्हटले होते. राजमाचीला गेलो होतो आम्ही अकराजण. बहुतेक सारे नोकरदार, तिशीच्या आतबाहेरचे. किल्ला पाहून झाला, उधेवाडीत पिठले-भाकरी झाली आणि कोंढाण्याच्या लेण्यांकडून कोंदिवड्याला उतरायला लागलो. कर्जतहून लोकल पकडायची, रात्री जेवायला घरी. साडेचारच्या सुमारास शेवाळलेल्या दगडावरून आमच्यातल्या एकाचा पाय सटकला. पडला तो फार तर तीन फुटांवरून. पण घोट्याचे हाड मोडले.

यात थरारक असे काहीच नव्हते. दरड कोसळली नाही की कुणी कड्यावरून गेले नाही. एक माणूस घसरला, एवढेच. पण त्या क्षणापासून आमच्या पिशव्यांमध्ये काय आहे आणि काय नाही, याचा हिशेब सुरू झाला. दोघे परत चढून उधेवाडीला गेले. उरलेले आठजण त्याला घेऊन झाडाखाली बसलो. पाऊस थांबायचे नाव घेईना. जीन्स भिजून गोणपाटासारख्या जड झालेल्या. कोरडा कपडा एकाकडेही नाही. दुखण्याने आणि गारठ्याने तो मित्र असा कापू लागला, की त्याचे दात वाजलेले आम्हाला ऐकू येत होते. ढगांमुळे सव्वासहालाच दरीत अंधारले. तेव्हा ध्यानात आले, की अकराजणांत बॅटरी एकच आहे, आणि तिचे सेल ओल धरून पाझरलेले आहेत.

सातच्या पुढे वरून उजेड दिसला. उधेवाडीचे सहाजण आले होते. कंदील, दोन बांबू, घोंगडी, सुंभाचा दोर, कमरेला कोयता, फडक्यात बांधलेल्या भाकरी. पंधरा मिनिटांत त्यांनी घोंगडीची डोली केली. त्यांच्यातल्या एका वयस्कर मामांनी कंदील उंच करून आमच्याकडे एकदा पाहिले आणि विचारले, ‘‘एवढी अकरा मानसं, अन् बॅटरी एकच?’’ त्यात राग नव्हता, होते ते नुसते आश्चर्य. त्या अंधारात, पावसात, निसरड्या वाटेने त्या सहाजणांनी आमचा माणूस कोंदिवड्यापर्यंत उतरवला, तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. पैसे देऊ केले तर ते संकोचले. सकाळी त्यांना भाताच्या कामाला जायचे होते.

सांगायचा मुद्दा हा, की आपत्काळाचे सामान म्हटले की आपल्याला वाटते, ते आपला जीव वाचवण्यासाठी असते. ते तसे असतेच. पण माझ्या मते त्याचा पहिला हेतू वेगळा आहे. आपल्या बेफिकिरीपायी दुसऱ्या कुणाला रात्रीच्या अंधारात कड्यावर पाय ठेवावा लागू नये, यासाठी ते असते. आज पायथ्याच्या गावकऱ्यांच्या जोडीला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक आहेत. हातातले काम टाकून, जिवावर उदार होऊन ते धावतात. ते येतात हे आपले भाग्य. पण ‘ते आहेतच’ या भरवशावर घरून निघणे याला भाग्य म्हणत नाहीत.

मग पिशवीत घ्यावे तरी काय? अमेरिकेत सिएटलच्या ‘द माउंटेनिअर्स’ या गिर्यारोहकांच्या संस्थेने १९३०च्या दशकात दहा आवश्यक वस्तूंची यादी केली. १९७४ साली ती त्यांच्या पाठ्यपुस्तकात छापून आली आणि पुढे जगभर गेली. तिच्यामागचे प्रश्न दोनच आहेत. अपघात झाला तर आपल्याला काही करता येईल का? आणि नाइलाजाने एक रात्र उघड्यावर काढावी लागली तर निभेल का? कुठलीही वस्तू हातात घेऊन हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर ‘हो’ आले तर ती पिशवीत, नाही तर कपाटात. मजा अशी, की उधेवाडीच्या मंडळींनी ही यादी कधी पाहिली नव्हती, पण उजेड, ऊब, अन्न, दोर, कोयता हे सारे त्यांच्याकडे होते. यादी पाहिलेले आम्ही मात्र रिकामे होतो.

पहिला मान उजेडाचा. डोक्याला बांधायची बॅटरी घ्यावी, म्हणजे उतरताना दोन्ही हात मोकळे राहतात. ती माणशी एक हवी, गटात एक नव्हे. जादा सेल वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत आणि आदल्या रात्री ती लावून पाहावी. मोबाईलच्या उजेडावर विसंबू नये, कारण अडचणीच्या वेळी मोबाईलला दुसरे, अधिक मोलाचे काम असते. आपल्या कंपनीचा टॉवर मिळत नसला, तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा पोचत असेल तर ११२ क्रमांकाला फोन लागू शकतो. त्यासाठी फोनमध्ये जीव उरलेला हवा. दिवसभर फोटो काढून तो संपवलेला नको.

दुसरी शिट्टी. वीस-तीस रुपयांची साधी प्लॅस्टिकची शिट्टीही चालते. माणसाचा आवाज अर्ध्या तासात बसतो, शिट्टीचा बसत नाही, आणि ती ओरडण्यापेक्षा लांब ऐकू जाते. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचे, पुन्हा सहा वेळा. ही आल्प्समधून जगभर गेलेली संकटाची खूण आहे. बॅटरीच्या उघडझापीनेही ती करता येते. शिट्टी मात्र सॅकच्या तळाशी नको, पट्ट्याला बांधलेली हवी. घसरलेल्या माणसाचा हात सॅकपर्यंत पोचेलच असे नाही.

तिसरी ऊब. आपल्याकडे कुठली थंडी, असे म्हणणाऱ्याने भर पावसात वाऱ्यावर दोन तास ओल्या कपड्यांत निश्चल बसून पाहावे. जीन्स घरी ठेवावी. लवकर वाळणारे कपडे अंगावर, आणि एक लोकरी बनियन किंवा स्वेटर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत. चंदेरी मुलामा दिलेली घडीची पातळ चादर बाजारात मिळते. ती वजनाला काहीच नसते आणि अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. तीही परवडत नसेल तर कचऱ्याची मोठी काळी पिशवी घ्यावी. तिला डोक्यापुरते भोक पाडले की वारा आणि पाऊस दोन्ही अडतात. त्या श्रावणात आमच्याकडे अशी एक पिशवी असती, तर माझ्या मित्राचे हाल निम्मे झाले असते.

चौथे पाणी आणि मीठ. ऑक्टोबरनंतर उघड्या कातळावर माणशी तीन लिटर पाणी जास्त नव्हे. सोबत ओआरएसची दोन पाकिटे हवीत. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या याच पाण्याने कॉलऱ्याच्या असंख्य रोग्यांना वाचवले. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

पाचवे प्रथमोपचाराचे. क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी, गॉज, चिकटपट्टी, जंतुनाशक आणि आपल्या स्वतःच्या नेहमीच्या गोळ्या. पण इथे वस्तूपेक्षा ज्ञान महत्त्वाचे. सह्याद्रीत फुरसे आहे, घोणस आहे. साप चावला तर करकचून दोरी बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे हे सारे उद्योग घातक आहेत. तो हात किंवा पाय काठीच्या आधाराने बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला धीर द्यायचा, शक्यतो चालवायचे नाही आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात लवकरात लवकर न्यायचे.

आणि काय घेऊ नये? हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉनचा दोर. सामान बांधायला तो ठीक आहे. पण तो हाती आला की न जमणारा कडाही जमेल असे वाटू लागते. ज्या वस्तूने धाडस वाढते आणि कौशल्य मात्र तेवढेच राहते, तिला सुरक्षेचे साधन म्हणू नये.

यावर एक आक्षेप हमखास येतो. ‘‘गो. नी. दांडेकर काय डोक्याला बॅटऱ्या बांधून गड हिंडले?’’ नसतील. पण त्या पिढीकडे आपल्याकडे नसलेली एक चीज होती, ती म्हणजे वेळ. अंधार पडला तर वाडीत मुक्काम करायचा, ओसरी ओळखीची असायची. आपल्याला रविवारीच जायचे, रविवारीच यायचे आणि सोमवारी कचेरी गाठायची. परतीच्या गाडीने बांधलेला माणूस घाई करतो आणि घाई करणाराच घसरतो. म्हणून वेळेचा हिशेब हेही सामानच मानावे. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला आडाखा सोपा आहे. पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे सहा किलोमीटरची वाट आणि सहाशे मीटर चढ असेल तर सव्वादोन तास. चिखल, गर्दी आणि फोटो धरून मी त्याची दुप्पट करतो. मग सूर्यास्ताची वेळ पाहून कुठून मागे फिरायचे ते घरीच ठरवतो, आणि कुठल्या वाटेने जाणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, हे कागदावर लिहून घरी ठेवतो. हा कागद फुकट असतो आणि त्याला वजनही नसते.

सामानाने सारे भागते असेही माझे म्हणणे नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. पाण्याचा लोंढा वाढल्यावर पिशवीतली कुठलीच वस्तू कामाला येत नाही. तिथे कामाला येते ते पाण्यात न उतरण्याचे शहाणपण. पण माझा अनुभव असा, की आदल्या रात्री बसून जो माणूस ‘इथे अडकलो तर?’ असे स्वतःला विचारत पिशवी भरतो, तोच दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी थांबून विचार करतो. पैसे भरून एखाद्या आयोजकाबरोबर जाणाऱ्यांनी हे अधिक ध्यानात ठेवावे. शुल्क भरले म्हणजे जबाबदारी दिली असे होत नाही. प्रथमोपचार कुणाला येतो, डोंगरात पूर्वी गेलेले किती, जखमीला कसे आणणार, हे निघण्यापूर्वी विचारावे. उत्तर देताना जो चिडेल त्याच्याबरोबर जाऊ नये.

असो. त्या रात्री चिप्सची दोन पाकिटे बाहेर निघाली आणि हे सारे आत गेले. लहान बाटली मोठी झाली. पाणी सोडून वजन दोन किलोसुद्धा भरले नाही. ‘‘काका, एवढं घेऊन मी हसं करून घेणार,’’ असे म्हणत ती गेली. रविवारी रात्री साडेआठला फोन आला. सगळे खाली उतरले होते, सुखरूप. सहाला नव्हे, पावणेआठला. वाटेत दुसऱ्याच एका गटातल्या मुलीचा पाय मुरगळला होता. तिच्या पायाला आमचे क्रेप बँडेज बांधले आणि शेवटचा तासभर सगळे उजेडासाठी हिच्या मागून चालत आले.

‘‘किती होते ते लोक?’’ मी विचारले.

‘‘चौदा,’’ ती म्हणाली. ‘‘आणि काका, त्यांच्याकडे एकही बॅटरी नव्हती.’’