तळव्यावरील गाठ आणि सूक्ष्मदर्शकाची साक्ष

भिलाई हे नाव उच्चारताच पोलाद डोळ्यांपुढे येते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. येथील रुळांवरून देशाच्या आगगाड्या धावतात. पोलाद तयार झाले की त्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो. कर्ब किती, गंधक किती, स्फुरद किती हे तपासल्यावाचून माल पुढे जात नाही. अनुभवी कामगाराच्या नजरेचा येथे मान आहे. परंतु तिच्यावर विसंबून रूळ घातले जात नाहीत. हाच न्याय मनुष्याच्या हातापायांवरील गाठींना लावला जावा, हा या लेखाचा आग्रह आहे.

तळपायावर लहानसा उंचवटा आला की तो कुरूप किंवा चामखीळ समजण्याची रीत आहे. बहुधा ती समजूत खरीही असते. कुरूप दाबामुळे होते; त्याच्या मध्यभागी कठीण खिळा असतो आणि वरून दाबल्यास दुखते. चामखीळ विषाणूमुळे होते. तिच्यापाशी त्वचेच्या रेषा खंडित होतात आणि वरचा थर खरवडल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे काळे ठिपके दिसतात. तथापि सर्वच गाठी या दोन नावांत बसत नाहीत.

अशांपैकी एक म्हणजे पोरोमा. गोल्डमन, पिंकस व रोगिन या अमेरिकी वैद्यांनी १९५६ साली तिचे प्रथम वर्णन केले. तळहात व तळपाय येथे घर्मग्रंथी अतिशय दाट असतात. प्रत्येक ग्रंथीची नलिका बाह्यत्वचेतून वर येऊन रंध्राने उघडते. या नलिकेच्या बाह्यत्वचेतील भागाच्या पेशींची अवाजवी वाढ म्हणजे पोरोमा होय. ही गाठ बहुधा एकटीच असते, सावकाश वाढते, आणि सहसा दोन सेंटिमीटरांहून लहान राहते. तिचा रंग त्वचेसारखा किंवा लालसर असतो. कित्येकदा तिच्याभोवती खंदकासारखी खोलगट कडा दिसते, आणि किंचित धक्क्यानेही तिच्यातून रक्त येते. ती सौम्य आहे. शस्त्रक्रियेने समूळ काढली की रोगी बरा होतो.

मग चिंता कशाची? चिंता तिच्यासारख्या दिसणाऱ्या रोगांची. मेलॅनोमा हा त्वचेचा घातक कर्करोग भारतीयांत विरळ आहे. परंतु होतो तेव्हा तळपाय हे त्याचे नेहमीचे स्थान असते. तो सदैव काळाच असतो असेही नाही. रंगहीन मेलॅनोमा लालसर, ओलसर, रक्तस्रावी गाठीच्या रूपाने येतो आणि पोरोमाचा किंवा साध्या रक्तवाहिनीजन्य गाठीचा भास निर्माण करतो. शिवाय जुन्या पोरोमातून क्वचित कर्करोगही उद्भवतो. त्वचादर्शक भिंगाने बरेच कळते: रंगाचे पट्टे त्वचारेषांच्या खाचांतून असल्यास प्रायः भय नसते, उंचवट्यांवरून असल्यास मेलॅनोमाची शंका घ्यावी लागते. परंतु जेथे रंगच नाही, तेथे ही खूण कशी मिळावी? अंतिम निर्णय ऊतीच्या परीक्षेनेच होतो. पोरोमात एकसारख्या, लहान, घनाकार पेशींचे पट्टे बाह्यत्वचेतून खाली उतरलेले, शेजारच्या पेशींपासून स्पष्टपणे वेगळे आणि मधूनमधून घर्मनलिकांची छिद्रे असलेले दिसतात. हे चित्र उघड्या डोळ्यांना दिसणे शक्य नाही.

या मताविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला खर्चाचा: हजारो कुरूपांसाठी सूक्ष्मदर्शक कशाला? हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मागणी मर्यादित आहे. उघड कुरुपाला किंवा चामखिळीला परीक्षेची गरज नाही. परंतु जी गाठ नेहमीच्या उपचारांना दाद देत नाही, वाढते, चिघळते किंवा सहज रक्त गाळते, तिचा तुकडा तपासलाच पाहिजे. आणि निदानासाठी वा उपचारासाठी कापून काढलेली कोणतीही गाठ टाकून दिली जाऊ नये. दुसरा आक्षेप अनुभवाचा: निष्णात वैद्य पाहताक्षणी ओळखतो. तो पुष्कळदा ओळखतो, हे खरे. परंतु विरळ रोगाचा अनुभव विरळच असतो. ज्याने आयुष्यात एखादाच पोरोमा पाहिला, त्याच्या नजरेला कोणत्या आधारावर प्रमाण मानावे?

सर्वांत मोठा धोका मात्र दवाखान्याबाहेर आहे. दाढीच्या पात्याने गाठ छाटणे, तिच्यावर जाळणारे आम्ल लावणे किंवा परीक्षेविना डाग देणे, यांनी गाठ जाते आणि तिच्याबरोबर पुरावाही जातो. पुढे ती पुन्हा उगवली, तर आरंभी काय होते हे सांगण्यास कोणी साक्षीदार उरत नाही. कामगारांच्या वस्तीत, जेथे जड बुटांनी पायाला घट्टे पडणे नित्याचेच, तेथे ही उपेक्षा अधिक संभवते.

भिलाईच्या सेक्टर ९ मध्ये कारखान्यानेच उभारलेले जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र आहे. पोलाद आणि आरोग्य या दोन्हींची काळजी एकाच वसाहतीने वाहावी, हा विचार त्यामागे आहे. तो पूर्णत्वास न्यावयाचा, तर पोलादाच्या नमुन्याला मिळणारा मान तळव्यावरील लहानशा गाठीलाही मिळाला पाहिजे. बहुतेक वेळा उत्तर आश्वासकच येईल. परंतु आश्वासन हे परीक्षेनंतरचे असावे, परीक्षेऐवजीचे नसावे.