गरवायला गेलेली सासू

मैत्रिणींनो, परवा शेजारच्या वहिनींनी उसवलेल्या स्वेटरची उरलेली लोकर केरात टाकायला काढली, ती मी त्यांच्या हातातून घेतलीच. "एवढ्याशा लोकरीचं काय करणार?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "मासे धरणार!" त्या हसल्या. तुम्हीही हसाल. पण आधी ऐकून तर घ्या.

मी मूळची मालवणची. पापलेट, सुरमई पाहुण्यांसाठी. आम्ही पोरं वाढलो ती पेडवे आणि मुडदुशांवर. भाऊ खाडीवर गरवायला जायचे. मी मागे लागले की आजी म्हणायची, "चेडवांनी गरी धरूची नाय." ती हौस राहिली ती राहिलीच.

2023 साली हे गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर लेकीने मला आपल्याकडे इंग्लंडला, सॅलिसबरी गावी नेलं. सामानात यांचा जुना स्वेटर घेतला होता. फिका बदामी, कोपरांवर विरलेला. उसवून नातवाला कानटोपी विणावी असं मनात होतं. पण हात धजत नव्हता.

तिथे लेकीची एकच तक्रार. "आई, ह्यांचा रविवार नदीला वाहिलेला! आणि धरतात काय, तर ज्याला कुणी विचारत नाही तो मासा. तूच सांग त्यांना." आता जावयाला मी काय सांगणार? म्हटलं, आधी बघून तर येते.

त्या रविवारी जावईबापूंबरोबर एव्हन नदीवर गेले. माशाचं नाव ग्रेलिंग. अंग रुपेरी, आणि पाठीवरचा पर एवढा मोठा की पदरच पसरलाय म्हणावं. तिकडे मान सगळा ट्राउट आणि सामन माशांना. ग्रेलिंग खरं तर त्यांच्याच कुळातला. पण पंगतीला शेवटी! ट्राउटचं खाद्य आणि अंडी खातो म्हणून नदीचे राखणदार पूर्वी त्याला काढून मारून टाकत.

त्याला धरायची रीतही न्यारी. गळाला गांडूळ-बिंडूळ नाही. पीस, लोकर, बारीक तार गुंडाळून किड्याचं सोंग करायचं आणि ते प्रवाहात सोडायचं. याच नदीवर फ्रँक सॉयर (1906–1980) नावाचे राखणदार होते. ग्रेलिंग कमी करण्यासाठी त्यांनी एक खोटा किडा बनवला. कशाचा? तर मोजे रफू करायच्या लोकरीचा! चॅडविक कंपनीची 477 नंबरची ती लोकर कोरडी असताना बदामी, भिजली की गुलाबीसर. आतून तांब्याची तार, वरून लोकर, झालं! पुढे ती लोकर निघायची बंद झाली, आणि आता तिची जुनी गुंडाळी मिळवायला हौशी लोक भारी किंमत मोजतात.

"तशा रंगाची लोकर काही मिळत नाही, आई," जावई म्हणाले.

मी काही बोलले नाही. रात्री स्वेटरची एक बाही उसवली. थोडं रडले, खोटं कशाला सांगू? पण वाटीत पाणी घेऊन धागा भिजवला तर रंग गुलाबीसर आला. सकाळी जावयांपुढे लोकर ठेवली. त्यांनी तार दिली, गळ दिला आणि म्हणाले, "तुम्हीच गुंडाळा. तुमचा हात सफाईचा."

तिथे गळ टाकायलाही सरकारी परवाना लागतो. तो त्यांनी माझ्या नावाने काढला. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी! पहिले दोन रविवार दोर कधी झुडपात, कधी माझ्याच शालीत. नोव्हेंबरात ट्राउटचा हंगाम संपलेला, काठ ओस. ग्रेलिंग मात्र थंडीतही गळाला लागतो. तिसऱ्या रविवारी दोर थबकला. हाताला हिसका बसला आणि आजीची आठवण झाली! चांगला हातभर मासा. जावई म्हणाले, "वास घेऊन बघा." या माशाला थाइम नावाच्या पाल्याचा वास येतो म्हणतात, शास्त्रीय नावही त्यावरूनच पडलंय. मला आला तो ओव्याचा. दोहोंत एकच अर्क असतो, हे मागून कळलं.

मासा आम्ही सोडून दिला. मालवणच्या बाईने मासा सोडला, हे माहेरी सांगू नका!

मागे वळून पाहते तर लेक चहाचा थर्मास घेऊन उभी. "काय बाई बघतेस नदीत एवढं?" म्हणाली, आणि दुसरा गळ जावयांनी तिच्या हाती दिला. रविवारची कुरकुर तेव्हापासून पुष्कळ कमी झाली. अगदी संपली म्हणणार नाही. म्हणून सांगते, नवऱ्याच्या छंदावर निकाल देण्याआधी एकदा बरोबर जाऊन बघावं. आणि आपलीही एखादी राहिलेली हौस असेल तर ती शोधावी.

जाता जाता: उसवलेली लोकर कुरळीच राहते. तिची लडी करून चार ठिकाणी सैल बांधा, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून काढा, पिळू नका. खाली हलकंसं वजन अडकवून सावलीत वाळवा. धागा सरळ होतो. नातवाची कानटोपी त्यातूनच झाली. एक बाही मात्र मी राखून ठेवली आहे, गळासाठी.