गाळ निघतो, पुन्हा बसतो. वाशिष्ठीच्या खाडीला वाली कोण?

चिपळूण : पावसाळा तोंडावर आला की चिपळूणकरांचं लक्ष दोन गोष्टींकडे जातं. एक आभाळाकडे आणि दुसरं वाशिष्ठीच्या पात्राकडे. पोकलेन किती चालले, गाळ किती निघाला, निघालेला गाळ टाकला कुठे, याची चर्चा चहाच्या टपरीपासून नगर परिषदेपर्यंत रंगते. पाऊस गेला की चर्चाही जाते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

या चर्चेत एक गोष्ट मात्र मागे पडते. वाशिष्ठी चिपळूण शहराशी संपत नाही. गोवळकोटच्या खाली ती खाडी होते आणि दाभोळ-अंजनवेलजवळ समुद्राला मिळते. खेडकडून येणारी जगबुडीही याच खाडीत येते. म्हणजे चिपळूण, खेड, दापोली आणि गुहागर या चार तालुक्यांचा हा पाण्याचा रस्ता. शहरात गाळ साचला तर बाजारपेठेत पाणी शिरतं, खाली साचला तर मालदोली-करंबवणे पट्ट्यात होडी रुतते. नुकसान वेगवेगळं दिसतं, पण गाळ एकच आहे.

एकेकाळचा हमरस्ता

आज दाभोळचं नाव घेतलं की फेरीबोट आठवते. पण रस्ते नव्हते तेव्हा हे कोकणातलं मोठं बंदर होतं. बहामनी काळात इथून अरबस्तान-इराणकडे व्यापार चाले. रशियन प्रवासी अफनासी निकितिन हिंदुस्थानातून परतीला निघाला तो पंधराव्या शतकात याच दाभोळहून. चिपळूणचं बंदर म्हणजे गोवळकोट. भरतीच्या पाण्यावर होड्या वर यायच्या आणि ओहोटीवर खाली जायच्या. किनाऱ्याने मुंबईला जाणाऱ्या आगबोटी दाभोळला थांबत, तेव्हा खाडीकाठच्या चाकरमान्यांचा प्रवास होडीनेच सुरू होई.

पुढे रस्ते झाले, एसटी आली, कोकण रेल्वे आली. आगबोट बंद पडली आणि खाडीची वर-खाली वाहतूकही आटली. आता दाभोळ-धोपावे फेरीबोट तेवढी जोमात आहे, कारण ती दापोली-गुहागरच्या लोकांचा चिपळूणमार्गे पडणारा लांबचा वळसा वाचवते. पण ती खाडी आडवी ओलांडते. खाडीतून उभं, म्हणजे दाभोळहून गोवळकोटकडे, रोजचं येणंजाणं राहिलेलं नाही. जिथून रोज कोणी जात नाही, तिथे पाणी किती खोल उरलंय हे विचारणाराही उरत नाही.

होड्यांचंही तसंच झालं. लाकडी होडी दरवर्षी पावसाळ्यात काठावर ओढायची, फटी भरायच्या, तेलपाणी करायचं, तेव्हा कुठे ती नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात जायची. लाकूड महागलं आणि ते काम जाणणारे सुतार कमी झाले. फायबरची होडी सोपी पडते म्हणून लोक तिकडे वळले. यात लोकांची चूक नाही. पण जुनी होडी डागडुजीविना काठावर कुजली की तिच्यासोबत खाडीची वाट माहीत असलेला माणूसही घरी बसतो.

कागदावर राष्ट्रीय जलमार्ग

अनेकांना माहीत नसेल, पण ही खाडी कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातले १११ जलमार्ग नोंदले गेले. त्यात २८ क्रमांकाचा जलमार्ग म्हणजे दाभोळ खाडी-वाशिष्ठी नदी. दाभोळच्या समुद्रापासून पेढ्याच्या पुलापर्यंत, लांबी ४५ किलोमीटर. कोकणातल्या सावित्री-बाणकोट, शास्त्री-जयगड आणि कुंडलिका-रेवदंडा या खाड्याही त्याच यादीत आहेत.

पण यादीत नाव आलं म्हणजे ड्रेझर आला असं नाही. ज्या जलमार्गावर कोळसा, सिमेंट, खनिज असा मोठा माल चालतो, तिथे खोली राखण्याचा खर्च भरून निघतो. वाशिष्ठीच्या वरच्या भागात तसा माल नाही. मग वाहतूक नाही म्हणून खर्च नाही आणि खोली नाही म्हणून वाहतूक नाही, असा हा गुंता आहे.

गाळ येतो कुठून?

सह्याद्रीच्या उतारावरून पाणी जोरात येतं आणि सोबत माती आणतं. डोंगर कापले, झाडं तुटली, दरड कोसळली की माती वाढते. चिपळूणजवळ उतार संपतो आणि समोरून भरतीचं पाणी येतं. नदीचा वेग मोडला की जड वाळू-गोटे आधी खाली बसतात. बारीक माती पुढे जाते, पण खारं पाणी लागलं की तिचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तीही तळाला बसते. खाडीत गाळ साचणं हा निसर्गाचाच व्यवहार आहे. म्हणून तो एकदाच उपसून संपणारा नाही.

२२ जुलै २०२१ ला याचा अर्थ चिपळूणने अनुभवला. प्रचंड पाऊस, त्यात भरती आणि गाळाने उथळ झालेलं पात्र. बाजारपेठ पाण्याखाली गेली. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत येणाऱ्या पाण्याचा त्यात वाटा किती, यावर वाद झाला. पण पात्रातला गाळ काढला पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्यासाठी चिपळूणकरांना साखळी उपोषणाला बसावं लागलं. त्यानंतर शासकीय यंत्रणा आणि नाम फाउंडेशन यांनी गाळ काढायला सुरुवात केली. काम झालं आणि त्याचा उपयोगही झाला. पण पैसा आला तो पुरानंतर, आणि उपोषणानंतर.

याच खोऱ्यातली त्याआधीची आठवण आणखी कडू आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटलं आणि वीसच्या आसपास माणसं गेली. धरणाला गळती असल्याचं गावकऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. धरण असो वा नदी, बांधायला आणि खोदायला निधी मिळतो, सांभाळायला मात्र मिळत नाही, हे दुखणं तिवऱ्यापासून दाभोळपर्यंत एकच आहे.

वाळूला गिऱ्हाईक, चिखलाला नाही

कोणी म्हणेल, खाडीतून वाळू तर निघतेच, मग गाळाचं काय? इथेच खरी गोम आहे. वाळू विकली जाते, चिखल विकला जात नाही. हातपाटीवाले परवाना घेऊन डुबी मारून वाळू काढतात, तर कोणी रात्री सक्शन पंप लावतं. वाळू जिथे मिळते तिथेच उपसा होतो, होडीची वाट जिथे बंद झाली तिथे होत नाही. त्यामुळे एकीकडे काठ ढासळतो, शेताचा बांध खाडीत जातो आणि दुसरीकडे मधोमध उथळ पट्टा तसाच राहतो. वाळू काढली म्हणजे खाडी साफ झाली, हा समज खोटा आहे.

काढलेल्या गाळाचंही तसंच. तो काठावरच ढीग घालून ठेवला तर पहिल्या मोठ्या पावसात परत पात्रात जातो. एकाच मातीसाठी दोनदा डिझेल जळतं.

मालक अनेक, जबाबदार कोण?

वरच्या नदीचा विषय जलसंपदा विभागाचा. भरतीच्या पट्ट्यातल्या जेटी आणि बोटींचे परवाने महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे. राष्ट्रीय जलमार्ग केंद्राच्या अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाचा. वाळू महसूलची, मासे मत्स्यव्यवसाय विभागाचे, लोटेच्या सांडपाण्याची तक्रार प्रदूषण मंडळाकडे. शिवाय किनारा नियमन क्षेत्राची परवानगी वेगळीच. प्रत्येकाचं आपलं काम ठरलेलं आहे. पण 'यंदा अमुक गावासमोर पाणी किती खोल आहे?' हा साधा प्रश्न घेऊन गेलं तर माणूस एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.

याबाबतीत इंग्लंडमधलं उदाहरण पाहण्यासारखं आहे. तिथे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कोळसा वाहण्यासाठी कालवे खोदले गेले. बऱ्याच कालव्यांचे दरवाजे अरुंद, म्हणून बोटीही जेमतेम सात फूट रुंदीच्या. रेल्वे आणि ट्रक आल्यावर कालवे ओस पडले, गाळाने भरले. १९४६ मध्ये लोकांनी संघटना काढली. स्वयंसेवकांनी हाताने चिखल उपसला, जुन्या बोटी दुरुस्त केल्या. केनेट-एव्हन हा कालवा तर अनेक वर्षं बंद राहून १९९० मध्ये पुन्हा सलग खुला झाला. आज त्या बोटींवर लोक सुट्टी घालवतात, काही जण तिथेच राहतात. २०१२ पासून सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्गांची देखभाल एकाच न्यासाकडे आहे आणि बोटवाल्याला परवाना फी भरावी लागते.

तिथेही सगळं गोड नाही. सरकारी अनुदान २०२७ नंतर कमी होणार म्हणून ओरड सुरू आहे. शिवाय तिथले कालवे म्हणजे संथ, बांधलेलं पाणी. वाशिष्ठीसारखा सह्याद्रीचा लोंढा त्यांना झेलावा लागत नाही. त्यामुळे जशीच्या तशी नक्कल चालणार नाही. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, जबाबदारी एकाच्या गळ्यात असली की जाब विचारता येतो. दोन, वापर सुरू राहिला की देखभालीची मागणी करणारे लोक तयार होतात.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट म्हणजे मोजमाप. गोवळकोट ते दाभोळ ठरावीक ठिकाणी, पावसाळ्याआधी आणि नंतर, ओहोटीच्या वेळी खोली मोजायची आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचा. यंत्रणेकडे यंत्रं आहेत. आकडे समोर आले की गाळ कुठला काढायचा यावर राजकारण कमी होईल.

दुसरी, गाळ काढण्याआधी तो टाकायची जागा ठरवायची. बिनखारी माती शेतात, भरावात चालते. खाऱ्या चिखलाला वेगळी जागा लागते, आणि ती कांदळवनात असता कामा नये.

तिसरी, वापर वाढवायचा. मगरी पाहायला, खाडी फिरायला पर्यटक येऊ लागले आहेत. त्यात काठच्या भोई, खारवी तरुणांना आधी परवाने मिळाले, लाइफ जॅकेट आणि बोटीची तपासणी सक्तीची झाली आणि फीमधला ठरलेला वाटा खाडीच्याच देखभालीला लागला, तर गुंता सुटायला सुरुवात होईल. जुन्या दोन-चार लाकडी होड्या दुरुस्त करून त्यात आणल्या तर सुतारालाही काम मिळेल.

चौथी, ग्रामसभा. खाडीकाठच्या गावांनी एकाच मजकुराचे ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे एक जबाबदार अधिकारी नेमण्याची मागणी करता येते. एका गावाचं पत्र फाइलीत बसतं, चार तालुक्यांचे ठराव एकदम आले तर उत्तर द्यावं लागतं.

गाळ दरवर्षी येणार, कारण सह्याद्री आहे, पाऊस आहे, भरती आहे. पण त्यासाठीचा पैसा आणि माणूस दरवर्षी येत नाही. २०२१ मध्ये पाण्यानेच आठवण करून दिली होती. पुढची आठवण तशीच व्हायची नसेल, तर पोकलेन पात्रात उतरण्याआधी खाडीची खोली कागदावर उतरली पाहिजे.