घरात बसा म्हणणाऱ्यांस केबल स्ट्रीटचा जबाब

गरिबावर कोणी चालून आले की शहाण्यांची मसलत ठरलेली: ‘दारे लावा, घरात बसा, वादळ निघून जाईल.’ अहो, ही मसलत देणाराचे घर बहुधा वादळाच्या वाटेवर नसते! ही मसलत कितपत खरी, हे आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांनी लंडनच्या पूर्वभागाची हकीकत ऐकून ठरवावे.

तो भाग शिंप्यांचा व गोदीवाल्यांचा. रशियातील जुलमाने परागंदा झालेले ज्यू तेथे कोंदट खोल्यांत कपडे शिवत. आयर्लंडातून पोटासाठी आलेले लोक गोदीत ओझी वाहत. सन १९३६ मध्ये मोस्ले नावाचा बड्या जमीनदार घराण्यातला पुढारी काळ्या सदऱ्यांची फलटण घेऊन सांगू लागला की, तुमच्या दैन्याचे मूळ हे ज्यू. दोष शेजाऱ्याच्या माथी मारला की भाड्याचा व मजुरीचा हिशेब विचारतो कोण?

४ ऑक्टोबरला ही फलटण त्यांच्या वस्तीतून मिरवणार होती. मिरवणूक बंद करा, असा हजारो सह्यांचा अर्ज गेला. गृहमंत्र्याने तो नाकारला आणि वाट मोकळी करण्यास सुमारे ६ हजार पोलीस दिले! ज्यूंच्या प्रतिष्ठित मंडळानेही घरात बसा असेच सांगितले.

पण शिंपी घरात बसले नाहीत, आणि आयरिश गोदीवालेही त्यांच्या बाजूस आले. का आले? १९१२ च्या गोदीसंपात उपाशी पडलेली गोदीवाल्यांची शेकडो मुले ज्यू शिंप्यांनी आपल्या घरी ठेवून जेवू घातली होती. तो घास फुकट गेला नाही. केबल स्ट्रीटवर गाड्या व सामान आडवे टाकून रस्ता बंद झाला. बायांनी खिडक्यांतून कचऱ्याचा मारा केला. शेवटी पोलीसप्रमुखानेच मोस्लेला परत फिरविले. त्याच साली राजकीय गणवेशास बंदी करणारा कायदाही झाला.

एका दिवसाने रोग गेला, असे आम्ही म्हणत नाही. पुढच्याच आठवड्यात माईल एंड रस्त्यावर ज्यूंची दुकाने फुटली. म्हणून तेथील कामकऱ्यांनी पुढे घरभाड्याचा लढा हाती घेतला. १९३९ मध्ये स्टेपनीत ज्यू व ख्रिस्ती भाडेकरूंनी मिळून भाडे रोखले. रोगाचे मूळ तेथेच होते.

त्याच वस्तीत पुढे बंगाली शिंपी आले. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली ह्या तरुण कामगाराचा खून झाला. दहा दिवसांनी सुमारे ७ हजार लोक त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या दारापर्यंत चालत गेले. जेथे तो पडला, तेथील बागेस १९९८ पासून त्याचेच नाव आहे.

बंधुभगिनींनो, घरात बसून एकही वादळ टळले नाही. शेजाऱ्याच्या पोरास आज घास द्या. उद्या तोच तुमच्या दाराशी उभा राहील.