गुण कशाला, चकाकीला की खऱ्या आकड्याला?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या उद्योगांसाठी धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा आहे. नाशिकच्या वस्त्यांतली आपली मुलेही आता गेम डेव्हलपमेंटच्या पदवीकडे वळू लागली आहेत. आनंद आहे. पण तिथे गुण कसे दिले जातात, हे कोणी पाहते काय?

गेल्या महिन्यात अशाच अभ्यासक्रमाचा एक विद्यार्थी वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. महाविद्यालयाचे नाव इथे घेत नाही. विषय डेटा व्हिज्युअलायझेशन, म्हणजे आकडे चित्रातून दाखवणे. खेळाडूची उरलेली ताकद सांगणारी पट्टी, कोपऱ्यातला नकाशा, कुठल्या टप्प्यावर किती खेळाडू अडकले याचा रंगीत आलेख, हे सारे त्यातच येते. काम दिले होते, आपल्या जिल्ह्याची जनगणना खेळाच्या पडद्यावर दाखवा. या मुलाने २०११ चे नाशिकचे आकडे घेतले. अनुसूचित जमाती २५.६ टक्के, अनुसूचित जाती ९.१ टक्के. साधे स्तंभ, शून्यापासून मोजलेले. घरी संगणक नाही, प्रयोगशाळा पाचला बंद. शेरा मिळाला, ‘फारच साधे’. गुण २५ पैकी ११.

शेजारच्या बाकावरच्या मुलाला २२. त्याचे स्तंभ गोल फिरत होते, चमकत होते. घरी महागडे ग्राफिक्स कार्ड. फक्त त्याने मोजणी ९ पासून सुरू केली होती! त्यामुळे अनुसूचित जातीचा स्तंभ एका रेघेएवढा उरला. प्रत्यक्षात तीन पटींहून कमी असलेला फरक चित्रात दीडशे पटींच्या पुढे गेला. त्या मुलाचा यात दोष नाही, त्याला कोणी शिकवलेच नाही. पण या विषयातला पहिला धडा हाच नव्हे काय?

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची जमीन, शिक्षण, लोकसंख्या आलेखांतून मांडली. अटलांटा विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी ते आलेख शाई व जलरंगांनी हाताने काढले होते. ग्राफिक्स कार्ड कुठे होते? बाबासाहेबांनीही १९४० च्या ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ला लोकसंख्येचे तक्ते आणि नकाशे जोडले. वाद घालायचा तर आकडा दाखवून घालायचा, ही त्यांची रीत होती.

आता कायद्याचे. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात निकाल दिला की, तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि परीक्षार्थी ती माहिती अधिकाराखाली पाहू शकतो. पण प्रात्यक्षिकात पाहायचे काय? चौकटीत लिहिलेला ११ हा आकडा? अंतर्गत गुणांत आडनाव बघून हात आखडतो, ही आपल्या मुलांची जुनी तक्रार आहे. या प्रकरणात तसे झाले, असे मी म्हणत नाही. मात्र कारणच लिहिलेले नसेल तर झाले किंवा नाही, हे सिद्ध करणार कसे?

म्हणून गुणदानाचे निकष काम देतानाच छापून द्यावेत. आकड्याच्या खरेपणाला आणि मोजपट्टीच्या प्रामाणिकपणाला निम्मे गुण असावेत. सर्वांचे काम प्रयोगशाळेच्या एकाच संगणकावर तपासावे. वर्गाबाहेरच्या विद्यार्थ्याला पडद्यासमोर बसवून विचारावे, यातून तुला काय कळले? त्याला कळले तर गुण, नाही तर नाही. आणि दोन ओळींचे कारण लेखी. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकावर हा आणखी एक भार, हे मला मान्य आहे. तर त्याचे मानधन वाढवा.

मुलाचा अर्ज येत्या सोमवारी महाविद्यालयाच्या तक्रार समितीपुढे आहे. दोन्ही पडदे एकाच संगणकावर शेजारी-शेजारी लावून समितीने पाहावेत, एवढीच मागणी त्यात केली आहे.