शब्दावरची नोकरी

लग्नाच्या याद्या करताना आपल्यातील सुशिक्षित मंडळी किती चोखंदळ असतात हे सर्वांस ठाऊक आहे. कोणता खर्च कोणी करावयाचा, मानपान कोणाकोणाचे, कार्यालयाचे भाडे कोणाकडे, हे सारे कागदावर उतरते आणि खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या होतात. सोयरिकीत अविश्वास दाखविला असे त्या वेळी कोणी म्हणत नाही. घर अकरा महिने भाड्याने द्यावयाचे तर करारनामा होतो. सराफाकडून अंगठी घेतली तर पावती कपाटात जपून ठेवितात. परंतु त्याच घरातील मुलगा किंवा मुलगी नोकरी पत्करते तेव्हा "सोमवारपासून या, बाकीचे मागाहून पाहू," एवढ्या वाक्यावर सर्वांचे समाधान होते. आणि कागदाची गोष्ट काढलीच तर वडीलच दटावितात की, आधीच असे विचारणे बरे दिसत नाही. या भिडेला सभ्यता म्हणण्याची जी रीत पडली आहे तिच्याशी आमचे भांडण आहे.

कित्येकांचे म्हणणे असे की, मालक सज्जन असेल तर कागद नको आणि दुर्जन असेल तर कागदाचा उपयोग नाही. हे म्हणणे ऐकावयास चटकदार आहे, पण त्यात एक गोष्ट विसरली जाते. बहुतेक तंटे दुर्जनपणातून उद्‌भवत नाहीत. ते दोन प्रामाणिक माणसांच्या दोन वेगळ्या आठवणींतून उद्‌भवतात. "महिना तीस हजार" असे मालक म्हणाला. त्याच्या मनात भविष्यनिर्वाह निधीतील त्याचा स्वतःचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद धरून तीस हजार होते. ऐकणाऱ्याने ते हातात पडणारे तीस हजार मानले. पहिला पगार होईपर्यंत दोघेही आनंदात असतात. शिवाय ज्या गृहस्थाने शब्द दिला तोच सहा महिन्यांनी त्या खुर्चीत असेल याची हमी कोणी द्यावी? धंदा विकला जातो, कारभार मुलाच्या हाती येतो, व्यवस्थापक दुसरीकडे जातो, आणि शब्द त्याच्याबरोबर निघून जातो.

यातील खरी मेख राजीनाम्याच्या दिवसात आहे. जुनी नोकरी हातात असते तोवर उमेदवाराच्या मागणीला वजन असते. राजीनामा दिला की ते वजन संपले. म्हणून धूर्त मालक कागद अगदीच नाकारीत नाही, तो लांबवितो. "पत्र तयार होत आहे," असे म्हणता म्हणता दीड महिना जातो आणि मग जे पत्र हाती येते त्यात उमेदवारीचा काळ तीन महिन्यांऐवजी एक वर्ष असतो, सोडून जाताना द्यावयाची सूचना तीन महिन्यांची आणि काढून टाकताना मालकाने द्यावयाची पंधरा दिवसांची असते, आणि मूळ प्रमाणपत्रे कचेरीत ठेवून घेण्याचे कलमही असते. नोकरी सोडल्यावर त्याच धंद्यात काम करू नये, अशी अट तर सर्रास आढळते. 1872 च्या करार कायद्याच्या 27 व्या कलमापुढे ती टिकत नाही, हे सही करणाऱ्यास माहीत नसते. सही न करावी तर जावे कोठे? जुन्या जागेवर दुसरा बसलेला असतो.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांस यात नवे काही दिसणार नाही. तेथे कामगाराला काम मालकाकडून मिळत नसे, जॉबराकडून मिळे. जॉबराचा शब्द हाच करार. तो शब्द मिळविण्यासाठी दस्तुरी आणि टिकविण्यासाठीही दस्तुरी. रोज सकाळी गिरणीच्या दाराशी बदलीवाले उभे राहत आणि आज आत कोण जाणार हे एका माणसाच्या बोटावर ठरे. 1931 साली ज्याचा अहवाल प्रसिद्ध झाला त्या रॉयल कमिशनने या पद्धतीवर कडक टीका केली. 1935 मध्ये बदली कामगारांना कार्डे देण्याची योजना आली. आज वातानुकूलित कचेरीत बसणारा पदवीधर स्वतःला त्या बदलीवाल्यापेक्षा फार वेगळा समजतो. वेगळा असेल, परंतु त्या बदलीवाल्याजवळ निदान एक कार्ड तरी होते.

कायदा काय म्हणतो? तोंडी करारही करारच आहे, हे 1872 पासून मान्य आहे, आणि मालकपक्षाचे वकील हेच पुढे करितात. पण मान्य असणे निराळे आणि सिद्ध होणे निराळे. म्हणूनच 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने नोकरीच्या अटी पुरेशा नेमकेपणाने ठरवून त्या कामगारांस कळवाव्या, असे मोठ्या कारखान्यांवर बंधन घातले. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक 2020 ची संहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आली. तिच्या सहाव्या कलमाने प्रत्येक कर्मचाऱ्यास नेमणूकपत्र देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे, आणि ज्यांस पूर्वी मिळाले नव्हते त्यांसही ते तीन महिन्यांत द्यावयाचे होते. हे चांगलेच झाले. मात्र ही संहिता सामान्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेस लागू आहे. आपल्या गावचा डॉक्टर, वकील, हिशेबनीस, चार शिक्षकांचा शिकवणीवर्ग हे तिच्या बाहेरच राहतात. आणि शब्दावरची नोकरी फोफावते ती नेमकी तेथे.

खाजगी शाळांची कथा अधिक खेदाची आहे, कारण तेथे नियम जुना असून स्पष्ट आहे. 1977 च्या कायद्याखाली झालेल्या 1981 च्या नियमावलीत नेमणूक-आदेशाचा नमुनाच जोडलेला आहे. संस्थेने नावे व तारखा भरावयाच्या, एवढेच काम. तरीही कित्येक संस्था जूनमध्ये शिक्षिकेस तोंडी बोलावितात आणि एप्रिलअखेर तोंडीच निरोप देतात. ज्ञानदानाच्या संस्थेस एक कागद लिहिणे जड व्हावे, याहून विचित्र ते काय! न्यायाधिकरणापुढे गेल्यावर त्या बाईंना आपण तेथे नेमलेल्या शिक्षिका होतो, हेच प्रथम सिद्ध करावे लागते.

मालक पत्र देत नसेल तर उमेदवाराने स्वतः लिहावे, असे आमचे सांगणे आहे. "आपल्या बोलण्यात ठरल्याप्रमाणे मी अमुक तारखेस, अमुक पदावर, अमुक हाती पडणाऱ्या वेतनावर रुजू होत आहे, कामाचे तास, रजा व सूचनेचा काळ असा असा," एवढ्या चार ओळी ई-मेलने पाठवाव्या, उत्तर मागावे, आणि ते आल्यावरच जुन्या कचेरीत राजीनामा द्यावा. अशा इलेक्ट्रॉनिक लेखास पुराव्यात स्थान आहे. यात उद्धटपणा कोणता, हे आम्हांस अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

आता एक अप्रिय गोष्ट. हा लेख वाचून मान डोलाविणाऱ्या बहुतेक घरांत भांडी घासावयास एक बाई येत असतील. महिन्याला त्यांच्या सुट्या किती, पाहुणे आल्यावर वाढलेल्या कामाचे पैसे किती, आपण महिनाभर गावाला गेलो तर पगार चालू की बंद, हे दिवाणखान्यातील कोणासही नक्की सांगता येणार नाही. बाईंना मात्र मे महिन्यात कापलेल्या पैशांचा आकडा तोंडपाठ असतो.